किल्ला आला, उतरा!

आमचं गाव सांबरा. आता सगळे त्याला विमानतळाचं गाव म्हणून ओळखतात. आमच्या लहानपणी मात्र विमानं वर असायची आणि आम्ही खाली, लाल बसमध्ये. बेळगाव जवळ आलं की आई पिशव्या गोळा करायची आणि म्हणायची, "किल्ला आला, उतरायच्या तयारीला लागा." बसस्थानक किल्ल्याच्या शेजारीच. त्यामुळे खंदक आणि तट दिसले की बाजार आला, एवढाच आमच्यासाठी त्या किल्ल्याचा अर्थ. शंभर वेळा त्याच्या कडेनं गेलो असेन, पण आत जाऊन नीट पाहिलं नव्हतं.

खरा किल्ला आमच्या अंगणात व्हायचा, दिवाळीत. दगड, गोणपाट, वर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव आणि सगळ्यात वर महाराज. आमचे आबा लांबून बघायचे आणि सांगायचे, "बेळगावचा किल्लाबी आपलाच."

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून घरी आलो, तेव्हा ओळखीच्या काही घरांतल्या मुलांना किल्ला दाखवायचं ठरलं होतं. माहिती सांगणारे निवृत्त गुरुजी आजारी पडले. "तू सांबऱ्याचा, तुला माहीत असणारच," म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी फुशारकीनं हो म्हणालो आणि मग वाचायला बसलो.

वाचता वाचता घाम फुटला. किल्ल्याची सुरुवात होते १२०४ च्या सुमाराला. बांधणारा बिचिराजा, रट्ट राजांचा अधिकारी. त्या वेळी या गावाचं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचं गाव. बिचिराजानं इथं जैन मंदिर बांधलं. त्या मंदिराच्या दानाची नोंद असलेले त्या काळातले दोन कन्नड शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पुढे आदिलशाहीत असदखानानं १५१९ मध्ये सफा मशीद बांधली. मराठ्यांची सत्ता आली ती त्यानंतर. १८१८ च्या मार्चमध्ये जनरल मन्रोनं वेढा घातला. पेशव्यांच्या शिबंदीनं सुमारे तीन आठवडे किल्ला लढवला आणि १० एप्रिलला तो इंग्रजांच्या हाती गेला.

म्हणजे आमचं पान होतं, पण ते पुस्तकाच्या मध्यावर कुठेतरी. पहिलं पान कन्नडमध्ये होतं.

खरं सांगतो, मोह झाला. मराठ्यांपासून सुरू करावं आणि १८१८ वर संपवावं. मुलं आपली, आईबाप आपले, कोण विचारणार? शिवाय आबाही येणार होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातून पाठीवर वळ घेऊन घरी आलेला हा माणूस. सरकारी कागद मराठीतून मिळावा म्हणून त्यांनी किती अर्ज केले, याला गणती नाही. कन्नड फाडफाड बोलतात, पण अक्षर वाचायचं नाही, हा त्यांचा हट्ट. त्यांच्यासमोर मी रट्टांचं कौतुक कुठल्या तोंडानं सांगणार होतो?

आदल्या रात्री त्यांनाच विचारलं. त्यांनी पानाला चुना लावला, सुपारी कातरली आणि म्हणाले, "पोरांस्नी खोटं सांगू नको. उद्या त्यांना कळलं तर तुझं खरंबी खोटं वाटंल."

सकाळी दारातल्या गणपतीला आणि दुर्गेला नमस्कार करून आम्ही आत गेलो. आत लष्कराच्या इमारती, सरकारी कचेऱ्या आणि रामकृष्ण मिशनचा आश्रम. १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावला आले होते. आधी ते सदाशिवराव भाटे वकिलांच्या घरी उतरले आणि मग हरिपद मित्र या वन अधिकाऱ्याकडे, इथं किल्ल्यात, राहिले. भाट्यांचा मुलगा तेव्हा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता आणि स्वामींना ती त्याच्यापेक्षा चांगली येत होती, हे सांगितल्यावर पोरं खूश झाली. जेवणानंतर स्वामींनी पान-सुपारी मागितली आणि घरचे चकित झाले, हे ऐकून आबा खूश झाले.

मग कमल बस्ती. आत काळ्या दगडाचा थंडावा, समोर नेमिनाथ आणि छतात उलटं उमललेलं दगडी कमळ. मुलं माना वर करून पाकळ्या मोजायला लागली. मी बिचिराजाचं नाव घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. सहावीतल्या माझ्या भाचीनं विचारलं, "मामा, मग हा आपला किल्ला नाही का?"

मी आबांकडे बघितलं. ते बाहेरच्या माहितीफलकाकडे निघाले होते. फलकावर मराठी नव्हतं. वरचा मजकूर कन्नडमध्ये होता. भाची इंग्रजी शाळेत जाते, पण कन्नड तिला शिकावंच लागतं. आबा तिला म्हणाले, "वाच की, काय लिवलंय?"

ती एकेक ओळ वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होते. चाळीस वर्षांचा हट्ट त्यांनी सोडला नव्हता, स्वतः अक्षर वाचलं नव्हतंच. पण नात वाचत होती आणि ते मधेच "परत एकदा सांग" म्हणत होते.

संपल्यावर ते तिला म्हणाले, "बांधला त्यांनी, लढवला आपल्या माणसांनी. ज्याचं त्याला द्यायचं. पण ह्या फलकावर मराठीबी पाहिजे होतं. बघायला आम्हीबी येतोय की."

मला दिवसभर जे उत्तर सुचलं नसतं, ते त्यांनी उभ्याउभ्या दिलं. आणि त्यात त्यांची तक्रारही शाबूत होती.

परतताना बसमध्ये पोरं पेंगत होती. संध्याकाळी अंगणात भाचीनं तिच्या मातीच्या किल्ल्यापुढे पुठ्ठ्याची पाटी रोवली. त्यावर मराठीत 'वेणुग्राम' आणि खाली तेच कन्नडमध्ये. पणती लावायला आलेले आबा पाटीसमोर बराच वेळ थांबले. आम्ही सगळे गप्प.

"वरचं अक्षर जरा मोठं काढ की," एवढंच म्हणाले आणि त्यांनी पणती पाटीजवळ ठेवली.