आज्जीचं ‘आलो’

मागच्या वर्षी मी आज्जीवर कथा लिहिली. आज्जी निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होती. कथेचं पहिलं वाक्य होतं : ‘संध्याकाळ एखाद्या जखमी पक्ष्यासारखी कौलांवर उतरली होती.’ (तेव्हा मला ते फार आवडलं होतं.) पप्पांना वाचून दाखवली. ते शेवटपर्यंत गप्प ऐकत बसले. मग म्हणाले, “छान आहे गं. पण यात आमची आई कुठाय?”

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

खरं तर ती कथा जी. ए. कुलकर्णींकडून उसनी आणलेली होती. बेळगावात मराठी वाचणाऱ्याला कधीतरी जी. ए. चढतातच, ताप चढावा तसे. आपल्याच भागातले, धारवाडला इंग्रजी शिकवायचे, ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार; मला दुसरा आदर्श कशाला हवा होता? पण त्यांच्या प्रतिमा त्यांच्या माणसांच्या नशिबातून येतात. माझा पक्षी नुसताच कौलांवर येऊन बसला होता.

मग महादेव मोरे वाचले. निपाणीत पिठाची गिरणी चालवत ते लिहीत राहिले. वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले, सगळे आपल्याच बोलीत. हे असं छापता येतं?

कथा पुन्हा काढली तेव्हा चूक सापडली. आज्जी स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची, आमच्याकडच्या पुष्कळ बायका म्हणतात तसं. मी शाळेच्या सवयीनं सगळीकडे ‘आले, गेले’ केलं होतं. आज्जी तिथंच निघून गेली होती. रोझरीला बसली की तिची भाषा पुस्तकातली व्हायची, एकदम सोवळी. ‘आमेन’ झालं की लगेच, “उठ गं, भाकरी टाकतो आता.” या दोन वाक्यांच्या मधे माझी आज्जी होती, आणि मी पक्षी शोधत होते.

(घरी मीही ‘शोधत होतो’च म्हणते. इथं लिहिताना हात आपोआप वळला, बघा.)

आता कथा “आलो गं पोरी” पासून सुरू होते. एका मैत्रिणीनं तपासताना त्याचं ‘आले’ केलं. मी परत ‘आलो’ केलं. पप्पांना अजून वाचून दाखवलेली नाही. धीर होत नाही. पुढच्या अंकासाठी पाठवतेय. संपादक मंडळाला एवढीच विनंती, तो शब्द दुरुस्त करू नका.