माल की माणसं?

आमच्या करकंबात सल्ला मागावा लागत नाही. एस.टी.तून उतरलेला माणूस पिशवी सावरून घराकडे वळेपर्यंत त्याला दोन-तीन सल्ले मिळालेले असतात आणि त्यांतला एक तरी त्याच्या प्रकृतीविषयी असतो. त्यामुळे चार दिवसांच्या रजेवर आलेल्या आमच्या भाच्यानं ओसरीवर बसून मोठ्यानं विचारलं, "मामा, ही नोकरी सोडून दुसरी धरावी म्हणतोय, तुमचं काय मत?" तेव्हाच मी ओळखलं की, हा प्रश्न आता आपल्या घरचा राहिला नाही.

भाचा वैमानिक आहे. पण मालाच्या विमानावर. रात्री दहा-अकराला निघायचं, पार्सलं, औषधं, मोबाइल असला माल घेऊन दोन-तीन शहरं करायची आणि जग दात घासायला उठलं की आपण झोपायचं. विमान बोइंग, पगार उत्तम, पण खुर्ची उजवीकडची. कॅप्टन डावीकडे बसतो. विमानं मोजकी आणि सगळे कॅप्टन ठणठणीत. त्यामुळे डावी खुर्ची कधी रिकामी होईल हे पंचांगातसुद्धा सापडत नाही. मी टपाल खात्यात जन्म काढला असल्यामुळे हे दुःख मला ठाऊक आहे. वरच्या साहेबांच्या प्रकृतीची आम्ही जी आपुलकीनं चौकशी करीत असू, तिला काही निव्वळ माणुसकी म्हणता येणार नाही.

नवी नोकरी लहान शहरं जोडणाऱ्या एका कंपनीतली. विमान एटीआर. म्हणजे पंख्यांचं, सत्तरेक माणसांचं. पगार कमी. पण डावी खुर्ची लवकर मिळण्याची आशा आणि काम बहुतेक दिवसा. शिवाय शिक्षणासाठी दीड एकर बाग विकूनही बँकेचे हप्ते अजून चालूच होते, आणि हप्त्याला दिवस-रात्र सारखीच.

संध्याकाळपर्यंत गाव दोन तटांत विभागलं. मुळात 'पोरगा विमान चालवतो' एवढंच अक्कानं गावाला सांगितलं होतं. आत काय असतं ते सांगितलं नव्हतं. आता ते फुटलं.

"म्हंजी टेंपोच की! फकस्त वरनं जातोय," किराणा दुकानदार म्हणाले.

केशकर्तनालयात विषय जास्त खोलात गेला. वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवून मालकांनी विचारलं, "पार्सल उतरताना नमस्कार करतंय का, मास्तर?" त्या परिस्थितीत मी नाही म्हणालो.

पण मनातून मी पार्सलाच्या बाजूचा. खात्याचं मीठ खाल्लंय. घरी येऊन मी भाच्याला इतिहास ऐकवला. अरे, या देशात विमान आधी टपालाला मिळालं. 18 फेब्रुवारी 1911 रोजी अलाहाबादहून नैनीला विमानानं साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं गेली. माणूस एकच, तोही चालवणारा. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला विमान आणलं, तेही टपालाच्या थैल्या घेऊन. आणि 1949 साली रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री आपल्या नागपुरात जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत! जुने साहेब हे सांगताना सरळ होऊन बसत. माणसं काय, मागाहून चढली!

भाचा हसला. "मामा, पार्सल बरंच असतं हो. खिडकी मागत नाही, उशीर झाला तर भांडत नाही. पण नीट बांधलं नाही आणि हवेत सरकलं, तर विमानाचा तोल जातो. माणूस उठला तर परत बसतो तरी." मग जरा थांबून म्हणाला, "एकदा मागं कोंबडीची एका दिवसाची पिल्लं होती. रात्रभर बोलत होती. बरं वाटलं."

हे ऐकून मी गप्प झालो. पिल्लांच्या चिवचिवाटानं ज्याला बरं वाटतं, त्याला किती दिवसांत कोणी बोललेलं नसेल, याचा हिशेब करीत बसलो.

तरी भरवशाचा प्रश्न होताच. 2012 साली किंगफिशर थांबली, एप्रिल 2019 मध्ये जेट थांबली. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशातली प्रवासी विमानं धावपट्टीच्या कडेला उभी राहिली, तेव्हा आमचा भाचा मात्र औषधांची खोकी घेऊन रात्रंदिवस उडत होता. गाव दाराला कडी लावून बसलं होतं आणि अक्का देवाजवळ. माल कधी बंद पडत नाही, हा माझा मुद्दा बिनतोड होता.

त्याला उत्तर सोलापूरकडून आलं. आमच्या जिल्ह्यात विमानतळ होता, विमान नव्हतं. साखर कारखान्याची उंच चिमणी आडवी येते, यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ती 15 जून 2023 ला पाडली. मग 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि 15 ऑक्टोबर 2025 ला मुंबईचं. तारखेवरून टाटांचीच आठवण यावी! आता भाचा लहान शहरांच्या कंपनीत गेला की, तो उद्या करकंबावरूनच जाणार, हे गावानं परस्पर ठरवून टाकलं. कंपनी त्याला कुठं पाठवील, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. पण दोघांनी ओळखीवर खिडकी मागून ठेवली.

एक अडचण राहिली. 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाला नोकरी सोडायची तर सहा महिने आधी सांगावं लागतं. कॅप्टनला वर्षभर आधी. हे मात्र गावाला पटकन समजलं. सालगड्याचं साल पाडव्याला भरतं, तसंच हे. "आज चिठ्ठी दिली तर दसऱ्याला सुटला," असा जाणकारांनी हिशेब केला.

या सगळ्यात अक्का एक शब्द बोलली नव्हती. तिसऱ्या रात्री जेवणं झाल्यावर ती भाच्याला म्हणाली, "तुझ्या बापानं अठ्ठावीस वर्षं ट्रक चालवला. द्राक्षं नाहीतर डाळिंबं भरायची, रात्रीचा घाट उतरायचा, पहाटे वाशीच्या बाजारात. तिकडनं पोस्टात फोन करायचे. निरोप द्यायला हाच यायचा. विचार याला, काय निरोप असायचा."

मला आठवलं. सायकलवरून मी जायचो आणि दारातूनच ओरडायचो, "अक्का, माल पोचला!"

"आणि मी काय विचारायची?"

ती विचारायची, "आणि माणूस?"

मी दर वेळी हसायचो. माल पोचला म्हणजे माणूस पोचलाच, हे मला इतकं उघड वाटायचं! पण ती उत्तर घेतल्याशिवाय चुलीकडे वळत नसे. दाजींना जाऊन सहा वर्षं झाली. हल्ली भाच्याचा निरोप पहाटे मोबाइलवर येतो, 'उतरलो' एवढाच. तो वाजेपर्यंत अक्का जागी असते, हे त्या रात्रीपर्यंत आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"माल ने, नाहीतर माणसं ने," अक्का म्हणाली. "मला त्यातलं कळत नाही. पगाराचंही तू बघ. मी त्यांना कधी ट्रक सोडा म्हटलं नाही. फक्त वाटायचं, दिवसा चालवावा."

तीन दिवस सगळं गाव माल की माणसं यावर भांडत होतं. प्रश्न रात्रीचा होता.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं राजीनामा लिहिला. मी तो टपाल खात्याच्या इंग्रजीत सुधारला आणि म्हटलं, "रजिस्टर्ड पाठव. पोच मिळते." त्यानं हळूच सांगितलं की, रजिस्टर्ड 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झालं आणि राजीनामा ईमेलनं गेलासुद्धा. माझं खातंही नोटीस न देता बदललं होतं, असो.

निघताना अक्कानं विचारलं, "नव्या कंपनीचं पहिलं विमान किती वाजता?"

"सहाच्या सुमाराला असतं."

"म्हणजे उठायचं कधी?"

भाचा चाचरला. "तीनला."

मी कपाळाला हात लावला. एवढा पगार सोडून हा पुन्हा अंधारातच उठणार! पण अक्का शांतपणे त्याच्या डब्यात चटणी भरीत राहिली.

"तीनला उठणारा माणूस," ती म्हणाली, "त्याच्या आधी झोपलेला तरी असतो."