थंडी सरली की

मुलीचा स्वेटर यंदाच्या हिवाळ्यात दुसऱ्यांदा हरवला. सकाळी पावणेसातला व्हॅन येते तेव्हा ती गणवेशाच्या आत थर्मल, वर स्वेटर, कानाला स्कार्फ अशी गुंडाळलेली असते. दुपारी घरी येते ती घामेजून, आणि स्वेटर वर्गातल्या बाकावर नाहीतर व्हॅनच्या सीटखाली राहिलेला असतो. मी रागावते. मग संध्याकाळी भाकरी टाकताना मलाच वाईट वाटतं. यात पोरीची काय चूक? आमची हवाच तशी. आमच्या वसमतपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते आणि उत्तरेचं वारं सुटतं. पहाटे आठ-नऊ अंश, दुपारी अठ्ठावीस-तीस. बारा वर्षांच्या पोरीनं एका दिवसात दोन ऋतूंचे कपडे सांभाळायचे म्हणजे जडच.

परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा किती उतरला, यावर आमच्याकडं हिवाळ्यात रोज बोलणं होतं. डिसेंबर २०१८ च्या अखेरीला तो तीन अंशांच्या आसपास गेला होता, डिसेंबर २०२४ मध्ये चारच्या. पुण्या-मुंबईचे नातेवाईक बातमी वाचून फोन करतात, "मजा आहे तुमची, हुरडा खा." हुरडा गोड लागतोच. गव्हा-हरभऱ्याला ही थंडी हवीच असते. पण गिरगाव-कुरुंद्याकडच्या केळीला ती सोसत नाही. पारा फार खाली गेला की झाड वाढायचं थांबतं, पानं पिवळी पडतात. आणि शेतीपंपाची लाईट ज्या आठवड्यात रातची असते, त्या आठवड्यात गव्हाला पाणी द्यायला गेलेला माणूस पहाटे घरी येतो तो पायाची बोटं पांढरी पडलेली घेऊन. माझे वडील असे यायचे. माय चुलीतला जाळ पुढं ओढायची, ते पाय शेकत बसायचे, आणि बराच वेळ घरात कुणी बोलायचं नाही.

मला मात्र थंडीपेक्षा धुईचं भय वाटतं. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला रब्बीची पाळी सुटलेली असते, शिवार ओलं असतं, आणि पहाटे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी धुई चढत येते. ऊसतोडीचा हंगामही नेमका तेव्हाच. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांना मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर त्यावर पाचट लोंबतंय. अशा ट्रॉलीच्या मागं पाच हातांवर व्हॅन आणि व्हॅनमध्ये अकरा लेकरं, हे चित्र डोळ्यांपुढून जात नाही. व्हॅनवाल्या दादांना मी रोज एकच सांगते, "सावकाश न्या. उशीर झाला तर शाळेत मी बोलते." ते रोज मान हलवतात.

या सगळ्यात घरातला एक निर्णय दिवाळीपासून तसाच पडून आहे. मुलगी सातवीत आहे. आठवीपासून तिला नांदेडला ठेवायचं का? वसमतच्या कितीतरी घरांनी हे केलंय. आई पोरांना घेऊन नांदेडला खोली करून राहते, बाप इकडं दुकान नाहीतर शेत बघतो आणि शनिवारी डबे घेऊन जातो. चाळीसेक किलोमीटरचं अंतर. रोज पोरीला जा-ये करायला लावण्याइतकं जवळ नाही, आणि तुटून गेलो म्हणण्याइतकं लांबही नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरापासून चौदा किलोमीटरवर. मी नांदेडहून अपडाऊन करायचं, का तिला आत्याकडं ठेवायचं, का इथलीच शाळा बरी? सकाळी व्हॅनचा मागचा दिवा धुईत दिसेनासा झाला की मनात म्हणते, बस्स, पुढच्या जूनला नांदेड. दुपारी शाळेच्या ओट्यावर ऊन येतं, पोरं गोलात बसून डबे उघडतात, आणि वाटतं, कशाला उगीच लेकराला घरापासून तोडायचं? एकाच दिवसात दोनदा मत फिरतं. यानं मी चिडते आणि घाबरतेही, कारण थंडीनं एका पोरीचं आयुष्य ठरवलेलं मी पाहिलंय.

किल्लारीचा भूकंप झाला त्या साली, १९९३ ला, आम्ही आठवीत होतो. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा व्हायला १९९९ उजाडलं. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला वसमतला जाणाऱ्या आम्ही चौघीजणी. पोरं सायकलवर जायची. आम्ही फाट्यापर्यंत पायी आणि पुढं गाडीनं. जून ते दिवाळी काही वाटलं नाही. डिसेंबरात दिवस उशिरा उजाडायला लागला. फाट्याची वाट उसातून. समोरच्या पोरीची वेणी दिसायची आणि पाठ दिसायची नाही, अशी धुई. गुडघ्याखाली पाय उघडे. ओठ उललेले, हसलं की रक्त यायचं.

चौघींत एकजण सगळ्यांत हुशार होती. गणित तोंडी करायची. वर्गात सर फळ्यावर उदाहरण लिहीपर्यंत उत्तर तिच्या जिभेवर आलेलं असायचं. जानेवारी लागता लागता तिला खोकला झाला. साधा खोकला, दोन दिवस तापही होता. आजी म्हणाली, "हिवात कुठं मरायला जातीस माय? थंडी सरली की जा." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, कारण मी दारात दप्तर घेऊन उभी होते. त्यात वाईट काही नव्हतं. आजीची माया होती. त्याच हातानं तिनं मलाही गुळाचा खडा दिला आणि कानाला फडकं बांधायला लावलं.

थंडी सरली, पण तोवर हळद निघाली.

ज्यांनी हळद काढताना पाहिली नाही त्यांना कळायचं नाही की त्या दिवसांत एका माणसाचे हात म्हणजे घराला काय असतात. पाला वाळला की कापायचा, कंद खणायचे, माती झाडायची, मोडून गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग मोठ्या कढईत शिजवायची. वर पाला आणि गोणपाट झाकायचं, खाली पाचटाचा जाळ. फेस येऊन हळदीचा वास सुटला की काडी टोचून बघायची. काडी सहज आत गेली की झालं. आता वाफेचे कुकर आलेत, तेव्हा सगळं कढईवर. शिजली की अंगणात पसरायची, पंधरा दिवस उन्हात हलवायची. हे सगळं बायकांच्या आणि पोरींच्या हातांनी. एकदा संध्याकाळी आम्ही शाळेतून येताना ती खळ्यावर दिसली. हात वर करून तिनं आम्हाला तळवे दाखवले. पिवळेजर्द. नखांच्या कडांत तर रंग मुरलेला, रेषा रेषा उठून दिसणारी. ती हसत होती. "धुऊन निघत नाही," म्हणाली. मी तिला त्या दिवशीचं भूमितीचं प्रमेय सांगितलं. तिनं पिवळ्या बोटानं मातीत त्रिकोण काढला आणि म्हणाली, "हां, कळलं."

हळद झाली, तोवर परीक्षा आली. परीक्षेला बसून काय करायचं, वर्षभराचं बुडालंय. पुढच्या वर्षी परत आठवी. पुढच्या वर्षी धाकट्या भावाचं नाव घालायचं होतं. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं.

तिची शाळा कोणत्या दिवशी सुटली, हे तिला सांगता येत नाही, तिच्या आईला आलं नसतं, मलाही येत नाही. पोरीची शाळा बंद, असं त्या घरात कधीच कुणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती भांडली असती, मी तिला ओळखते. सर घरी आले असते. तिच्या वडिलांनाही दोनदा विचार करावा लागला असता. पण भांडायचं कुणाशी? खोकल्याशी, धुईशी, का हळदीशी? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आमच्या मातीचं नाव झालं. त्या रात्री मला ते तळवे मात्र फार वेळ आठवत राहिले.

आता हजेरीचं पुस्तक माझ्या हातात असतं. पोळा, दिवाळी, लग्नसराई, प्रत्येकाच्या गैरहजेऱ्या वेगळ्या असतात आणि त्या भरून निघतात. जानेवारीची गैरहजेरी मला वेगळी दिसते. एक दिवस, मग दोन दिवस सलग, मग हजर, मग चार दिवस नाही. मी फोन लावते. "बाई, हिव लई हाय, पडसं झालंय. येईल सोमवारी." मी म्हणते, "सोमवारी नाही, उद्या पाठवा. दुपारी पाठवलं तरी चालेल, पण उद्या." काही जणांना हे जास्त वाटतं. एका दिवसानं काय होतंय, असं सहकारीही म्हणतात. मला माहीत आहे काय होतंय.

नियम वाईट नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं ठरवलं की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी लेकरांच्या झोपेचा विषय काढला होता, तिथून ते सुरू झालं. चांगलंच झालं. पण पाचवीच्या लेकराला काय थंडी कमी वाजते? शिक्षणहक्क कायद्यानं पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. नववी त्या कायद्याच्या बाहेर, आणि अंतर वाढतं ते नेमकं तिथंच. ग्रामीण मुलींना पाचवी ते बारावी अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. या पासामुळं किती पोरी शिकल्या, हे मी रोज बघते; त्याचं मोल फार मोठं. पण पास चालतो फाट्यापासून पुढं. घर ते फाटा, दोन किलोमीटर, धुई, उसाची वाट, कुत्री, याला कोणताही पास नाही. म्हणूनच २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. नकाशावर चार किलोमीटर हे चारच दिसतात. ते अंतर मोजायचं असेल तर पौषातल्या पहाटे, आठ वर्षांच्या लेकराचा हात धरून मोजावं. हे मी तालुक्याच्या बैठकीतही बोलले आणि पुन्हा बोलेन.

शनिवारी आमचीही सकाळची शाळा असते. हातमोजे घातले तरी स्कूटीच्या ब्रेकवरची बोटं कळेनाशी होतात, चष्म्यावर दव धरतं, सारखी गाडी थांबवून पुसावं लागतं. गेल्या शनिवारी माझ्या शाळेच्या अलीकडच्या फाट्यावर अशीच थांबले. शेताच्या अंगानं एक उजेड येत होता, माणसाच्या कमरेच्या उंचीवर, हलत हलत. मोबाइलची बॅटरी. जवळ आली तेव्हा ओळखलं. तीच होती, माझी मैत्रीण. याच गावात दिलीय तिला, पण शेताच्या कामानं वर्षातून दोन-तीनदाच गाठ पडते. अंगावर नवऱ्याचं जुनं जर्किन, डोक्याला घट्ट टापर, आणि बरोबर दप्तर पाठीला लावलेली तिची लेक. पोरगी दहावीत आहे.

"रोज आणून सोडतीस?" मी विचारलं.

"दिवाळीपासून रोज. खोकला असला तरी आणते. तिला असू दे नाहीतर मला." एवढं बोलून ती रस्त्याकडं बघायला लागली. दुरून दोन पिवळे ठिपके दिसले, मोठे झाले, गाडी थांबली. पोरगी चढली. काचेवर वाफ धरली होती; तिनं आतून बोटानं थोडी जागा पुसली आणि आईकडं बघितलं. मैत्रीण तशीच उभी. गाडी गेली, मागचा लाल दिवा गेला, आवाजही गेला, तरी तिनं बॅटरी बंद केली नव्हती.

मी म्हटलं, "हळदीचा पाला कापला का?"

"सोमवारपासून घेणार. माणसं सांगितलीत. पोरीला हात लावू देणार नाही यंदा, दहावीचा पेपर हाय तिचा." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "तुझ्या लेकीचं नांदेडचं काय झालं?"

मी तिला सगळं सांगायला लागले. खोलीचं भाडं, माझं अपडाऊन, आत्याचं घर, इथली शाळा, पोरीला काय वाटतं. पोरीला काय वाटतं हे मी तिला नीट बसून अजून विचारलेलंच नाही, हे बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं. मैत्रिणीनं मधे काही म्हटलं नाही. माझं संपल्यावर तिनं बॅटरी बंद केली, फोन जर्किनच्या खिशात टाकला.

"बघू," मी म्हटलं. "थंडी जरा कमी होऊ दे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या हातावरचा मोजा सरळ करत म्हणाली, "न्हाई गं. थंडी सरायच्या आधी ठरव."