दादाचा बॅज

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला घरी होतो. फराळाचं ताट घेऊन बसलो, तेवढ्यात मावसभाऊ आला. दादा आयटीआय फिटर. वर्षातून एक-दोनदा ठेकेदाराच्या टोळीबरोबर एका अणुवीज केंद्रात शटडाऊनच्या कामाला जातो. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली. तिच्यावर लिहिलं होतं, २.४ मिलिसिव्हर्ट.

"तू इंजिनिअर व्हई राहिना, मंग माले सांग, हाऊ आकडा म्हंजे काय शे?"

खरं सांगतो मित्रांनो, मला काही सांगता आलं नाही. "लिमिटच्या आत आहे" म्हणून वेळ मारून नेली. दादा हसला. मग हळूच म्हणाला की शेवटचे तीन दिवस बॅज त्याने बाहेर टांगलेल्या शर्टालाच ठेवला होता. आकडा वाढला की घरी पाठवतात, आणि घरी बसलं की हजेरी बुडते. म्हणजे ती चिठ्ठी अर्धीच खरी होती!

जळगावला होस्टेलवर परत आलो, सबमिशन बाजूला सारलं आणि वाचत बसलो. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. दादाला जवळपास तेवढेच कामाच्या थोड्या दिवसांत जास्तीचे मिळाले, तेही बॅजने पाहिले तेवढेच. आपल्याकडे किरणोत्सारात काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० आणि कुठल्याही एका वर्षात ३० अशी मर्यादा आहे. पण मर्यादा म्हणजे त्याखाली सगळं माफ, असं नाही. जितकं कमी तितकं बरं, हाच नियम.

वाचता वाचता कळलं की हे एकट्या दादाचं नाही. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमा केंद्राचा अपघात झाला, तेव्हा आपत्कालीन मर्यादा १०० वरून २५० केली गेली. २४ मार्चला तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत तिघे कामगार केबल टाकत होते. पायाखाली दूषित पाणी होतं, दोघांच्या पायात साधे आखूड बूट. मीटरचा अलार्म वाजला. त्यांना वाटलं मीटरच बिघडलाय, आणि काम चालू राहिलं. तिघांनाही १७० च्या वर मात्रा मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात एका उपकंत्राटदाराच्या माणसाने कामगारांना मीटरवर शिशाची पत्री बसवायला लावली. का? आकडा कमी दिसावा आणि काम मिळत राहावं! कुठे जपान, कुठे धुळे. पण शिशाची पत्री आणि दादाचा टांगलेला शर्ट, हिशेब एकच.

आणि बॅज इमानदारीने लावला तरी तो सगळं पाहतो असं नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा केंद्रात कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलं. ट्रिटियमचे बीटा कण इतके दुबळे की छातीवरच्या बॅजला पत्ताच लागत नाही. ते पकडलं लघवीच्या नेहमीच्या तपासणीने. बॅज म्हणजे चिलखत नव्हे, तो फक्त साक्षीदार. काही बाबतीत आंधळा, आणि खुंटीला टांगला तर मुका.

दोन वर्षांनी आपल्यापैकी कुणीतरी साइटवर हेल्मेट घालून उभा असेल आणि समोर दादासारखी टोळी असेल. सेफ्टीचं लेक्चर देणं सोपं आहे. पण आकडा भरल्यावर ज्याची रोजी जाते, तो आकडा लपवणारच. त्याला बिनकिरणांचं दुसरं काम आणि तीच हजेरी मिळाली, तरच बॅज छातीवर राहील. हे आपल्या कुठल्याच पेपरला नाही.

परवा दादाला फोन केला. या वेळी वेळ मारून नेली नाही, सगळं नीट सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पुढल्या महिन्यात परत जानं शे."

मी म्हटलं, "बॅज?"

"लावसू," तो म्हणाला. "पन घरी धाडं तर पैसा तू देशी का?"

उत्तर अजून सापडलेलं नाही.