'बदलून टाका' म्हणण्याआधी...

बाबांची पिकअप २०२० सालची, बीएस-६ वाली. एक्झॉस्टवर सेन्सर आले, तसे त्यांचे नखरेही! सेन्सर धरून ठेवणारा स्टड गंजून मुळाशीच तुटला. एका गॅरेजचा सल्ला, "अख्खा पाइपच बदला." म्हणजे बाबांची महिन्याची कमाई गेलीच की! पण आम्ही माझगावकर. शेजारच्या दारूखान्यात अख्खी जहाजं तोडून लोखंड विकलं गेलंय. तिथल्या मिस्त्री चाचांनी आधी बॅटरीची वायर आणि सेन्सर काढला. मग तुटक्या स्टडवर नट ठेवून वेल्डिंग मारलं. उष्णतेनं गंजाची पकड सुटली, पाना फिरवताच स्टड बाहेर! पुढच्या पहाटे बाबा भाजी घेऊन भायखळ्यात हजर. तुम्हालाही कुणी 'बदला' म्हणालं, तर एवढंच विचारा, "निघतंय का बघितलंत?"