घड्याळाची पाठ उघडताना

घड्याळाची पाठ उघडायला कुठलं हत्यार घेऊ, असं ओळखीतलं कोणी ना कोणी मला विचारत असतं. बहुतेकांनी तोवर एक स्वस्तातला संच मागवलेला असतो. कापडी पाऊचमध्ये चिमटे, पाने, बारीक स्क्रू ड्रायव्हर आणि कशासाठी आहेत ते न कळणाऱ्या दोनचार वस्तू. त्यातली नेमकी एक उचलून मी त्यांच्या हातात द्यावी अशी अपेक्षा असते. मी उलट विचारते, घड्याळ धरणार कशात? याचं उत्तर त्या पाऊचमध्ये सहसा नसतं. असलाच तर प्लॅस्टिकचा एक तकलादू होल्डर असतो आणि त्याच्या खुंट्या पहिल्या जोरालाच वाकतात.

घरी काम करताना पाठीवर जे ओरखडे उठतात त्यांचा दोष पान्याला दिला जातो. पण खरं कारण बहुधा हे, की घड्याळ हललेलं असतं. डाव्या मुठीत घड्याळ, उजव्या हातात पाना. जोर लावला की मूठ थोडी फिरते, पाना तिरपा होतो आणि त्याचं टोक खाचेतून निसटून पाठीवरून लांबलचक रेघ ओढत जातं. ‘स्टेनलेस स्टील’, ‘वॉटर रेझिस्टंट’ अशी अक्षरं कोरलेली असतात, ती रेघ नेमकी त्यावरून जाते. ती पुसायची तर अक्षरंही घासली जातात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हाताशी जेवढे पैसे असतील त्यातले निम्म्याहून अधिक होल्डर आणि भिंग यांवर घालावेत, उरले त्यात पाना बसवावा. टेबलाला घट्ट बसणारी छोटी वाईस आणि तिच्या जबड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, एवढ्यावर वर्षानुवर्षं काम होतं. पट्टा आधी काढायचा, म्हणजे घड्याळ सपाट बसतं. जबडे केसच्या बाजूंना टेकले पाहिजेत, चावीला अजिबात नाही. चावीवर दाब आला तर तिची दांडी वाकते, आणि जुन्या घड्याळाची दांडी मिळवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. टेबलही उंच हवं. घड्याळजी छातीशी येणाऱ्या टेबलावर काम करतात ते यासाठीच की कोपर टेकतात, मान कमी वाकते आणि हात थरथरत नाही.

घड्याळ पक्कं बसलं की भिंग लावून पाठ बघायची. काठाला सारख्या अंतरावर खाचा असतील, किंवा कड पैलूदार असेल, तर पाठ आट्यांची आहे. चार कोपऱ्यांत चार बारीक स्क्रू असतील तर प्रश्नच मिटला. फक्त स्क्रूच्या डोक्यात पूर्ण बसेल असाच ड्रायव्हर घ्यावा आणि फिरवण्यापेक्षा खाली दाबण्यावर जास्त जोर ठेवावा. कॅसिओच्या एफ-९१डब्ल्यूसारख्या घड्याळात झाकण उचलताना आतली एक बारीकशी स्प्रिंग पाठीला टेकलेली असते, तिच्यावर लक्ष ठेवावं. ती हरवली की घड्याळाचा बीप बंद होतो. आणि पाठ सगळीकडून गुळगुळीत असेल तर ती दाबून बसवलेली, म्हणजे खटक्याची, असण्याची शक्यता मोठी. तिच्या काठाला कुठे तरी एक बारीकसा ओठ असतो, बहुधा शिंगांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या टोकांच्या, मधे किंवा चावीच्या समोरच्या बाजूला. डोळ्यांना तो दिसत नाही. दिव्याचा उजेड आडवा पाडून घड्याळ हळूहळू फिरवलं की एका जागी सावली जाड होते, तिथे नख फिरवून खात्री करायची.

काही घड्याळांची पाठ उघडतच नाही. जिनिव्हाच्या फ्रान्स्वा बोर्जेलनं १८९१ साली पेटंट घेतलेल्या केसमध्ये पाठ आणि बाजू एकसंध असतात, आणि आतलं सगळं यंत्र काचेच्या बाजूनं आट्यांवर फिरून बाहेर येतं. जुन्या बाजारात अशी घड्याळं क्वचित हाती लागतात, आणि त्यांतल्या कितीतरींच्या मागच्या काठावर सुरीचे घाव असतात. नसलेल्या फटीत कोणीतरी पातं घालायचा प्रयत्न केलेला असतो. पुढे अनेक कंपन्यांनी एकसंध केस काढल्या. त्यांत काच आधी काढावी लागते आणि चावीची दांडी मधेच दोन तुकड्यांत सुटते. काठावर फट, ओठ, खाच, स्क्रू यांतलं काहीच दिसत नसेल तर हत्यार खाली ठेवायचं आणि घड्याळ जाणकाराकडे न्यायचं.

माझ्याकडे सर्वांत जास्त येतात ती एचएमटी. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूला हे उत्पादन सुरू झालं आणि ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही नावं घरातली झाली. लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर एचएमटी, निवृत्तीच्या समारंभात शालीबरोबर एचएमटी. २०१६ मध्ये सरकारनं घड्याळांचा हा व्यवसाय बंद करायचा निर्णय घेतला. आता ती घड्याळं वडिलांची, आजोबांची म्हणून कपाटातून बाहेर निघतात. यांतल्या अनेकांची केस पितळेची, वर क्रोमचा मुलामा आणि पाठ मात्र स्टेनलेस स्टीलची असते. आपल्या दमट हवेत घाम, धूळ आणि त्वचेचं तेल या सांध्यात वर्षानुवर्षं मुरत जातं. भिंगाखाली तो काळपट हिरवा थर स्पष्ट दिसतो. खाचा त्यानं इतक्या भरलेल्या असतात की पान्याचं टोक आत जातंय असं वाटतं आणि प्रत्यक्षात ते मळावर उभं असतं.

या मळाला मी पान्याआधी अर्धा तास देते. बांबूची टूथपिक पात्यानं तिरपी कापायची आणि तिच्या धारेनं एकेक खाच कोरून काढायची. लाकूड धातूला ओरखडत नाही, बोथट झालं की पुन्हा कापता येतं. आधी मळ भुरभुर सुटतो, मग खाली चिकट थर लागतो, आणि तो निघाला की खाचेचा तळ एकदम चमकतो. त्यानंतर पाठ आणि केस यांच्या मधली रेघ साफ करायची. कित्येकदा एवढ्यानंच पाठ सैल होते. इथे तेल सोडायचा मोह टाळावा. गंजावर चालणारं तेल आट्यांत जातं तसंच पुढे आतही जातं, आणि ते केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर पोचलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला कितीतरी मिनिटं पुढे पळू लागतं.

आट्यांच्या पाठीसाठी पहिलं हत्यार म्हणजे चिकट रबराचा चेंडू. पाठ कोरड्या फडक्यानं पुसायची, चेंडू वरून तळहातानं दाबायचा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरवायचा. फार आवळलेली नसेल तर पाठ फिरते आणि एकही खूण उरत नाही. पाना हाती घ्यायचा तो चेंडूनं हार मानल्यावर.

पान्यांत दोन टोकांचा आणि तीन टोकांचा असे दोन प्रकार प्रामुख्यानं मिळतात. दोन टोकांचा स्वस्त आणि हलका असतो, पण माझ्या मते तो न घेतलेला बरा. जोर दोनच जागी पडतो आणि पाना मध्यावर राहील याची हमी नसते. काहीजण जुन्या व्हर्नियर कॅलिपरची टोकं वापरतात. ती खाली निमुळती असल्यामुळे जोर येताच वर सरकतात. तीन टोकांचा पाना, ज्याला जगभरचे घड्याळजी जॅक्सा म्हणतात, तो स्वतःच मध्य शोधतो. त्याच्या टोकांचे संच बदलता येतात: चौकोनी, गोल, चपटी. खाचेच्या रुंदीला जे टोक जवळजवळ गच्च बसेल तेच निवडायचं. मग टोकं एकेक करून नाही, तिन्ही मिळून खाचांना टेकवायची, पाना दोन बोटांनी जरासा हलवून बघायचा. डुगडुगला तर पुन्हा जुळवायचा. या जुळवणीला वेळ लागतो आणि घाईनं काम बिघडतं ते इथेच. जुळलं की तळहाताचं वजन सरळ खाली, मनगट स्थिर, आणि जोर हळूहळू वाढवायचा. झटका द्यायचा नाही.

स्वित्झर्लंडच्या ल लोक्ल गावातली बर्जों ही कंपनी १७९१ पासून घड्याळजींची हत्यारं बनवते. तिचा पाना आणि बाजारातला साधा पाना यांच्या किमतीत मोठी तफावत आहे. फरक पडतो तो टोकांच्या पोलादात आणि ती आपल्या भोकात किती घट्ट बसतात यात. साध्या पान्यात टोकं सैल असतात आणि जोरानं त्यांच्या कडा गोल होतात. घरी अधूनमधून काम करणाऱ्यानं साधाच पाना घेऊन वेगळी चांगली टोकं मिळाली तर ती बसवावीत. रोलेक्स ऑयस्टरचा प्रकार निराळा. १९२६ साली आलेल्या त्या केसच्या पाठीची कड बारीक दात्यांची असते, आणि तिला त्याच मापाचा, त्याच दात्यांचा पाना लागतो. जॅक्सा तिथे चालत नाही. ज्याच्याकडे नेमका तो पाना नाही त्यानं ऑयस्टरला हात लावू नये.

खटक्याच्या पाठीला सुरी लागते. स्वयंपाकघरातली सुरी मात्र नको. तिचं पातं लांब आणि लवचीक असतं आणि फट सुटली की थेट आत जातं. सेलच्या घड्याळात पाठीखाली लगेच तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि ती तार केसाहून बारीक असते. पात्याचं टोक तिला लागलं की घड्याळ संपलं. म्हणून पातं आखूड, जाड आणि बोथट कडेचं असावं. ते तर्जनीनं टोकापासून अगदी जवळ धरावं, म्हणजे बोटच अटकाव होतं. ओठात कड टेकवायची आणि पातं आडवं पिळायचं. उचकटायला लागलं की केसची कड वाकते. शिंगांवर आधी कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. टायटन एजसारखी अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीची घड्याळं मी घरी उघडू नका असंच सांगते, कारण तिथे पात्याला थांबायला जागाच नसते.

पाठ निघाली की ती उलटी करून आतून जरूर बघावी. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेल्या एका ‘जनता’च्या पाठीत सुईनं ओरखडलेल्या तीन नोंदी होत्या. तीन वेगवेगळी हस्ताक्षरं, एकात देवनागरी आकडे, एकात नुसती आद्याक्षरं आणि साल. घड्याळ उघडलं, साफ केलं, तेल दिलं, याची ही घड्याळजींची नोंद. पुन्हा तेच घड्याळ आलं तर मागच्या वेळी कधी हात लागला ते त्यांना कळायचं. तीन माणसांनी उघडलेल्या त्या पाठीच्या बाहेरच्या बाजूला एकही निसटलेली रेघ नव्हती. त्यांच्याकडे कोणती हत्यारं होती हे मला ठाऊक नाही. हात कसे होते ते मात्र दिसत होतं.

आत काम करताना फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ पोलादावर बसते. रबरी फुग्यानं धूळ उडवावी आणि मधे उठावं लागलं तर घड्याळावर पालथी वाटी ठेवावी.

उघडण्याबद्दल सगळे विचारतात, बंद करण्याबद्दल फार कोणी विचारत नाही. घड्याळं जास्त बिघडतात ती बंद करताना. आधी पाठीखालचा वायसर बघायचा. दबून चपटा झाला असेल, कडक झाला असेल किंवा डांबरासारखा चिकट झाला असेल तर तो काढून, खोबण साफ करून, मापाचा नवा घालायचा आणि त्याला सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट लावायचं. आट्यांची पाठ ठेवली की ती आधी उलट्या दिशेनं सावकाश फिरवायची. एका जागी ती टिचकन किंचित खाली बसते, तिथे आट्याचं तोंड जुळलेलं असतं. बरणीचं झाकण लावताना आपला हात हेच नकळत करतो. मग सुलट फिरवायची, शेवटपर्यंत बोटांनीच. पान्यानं शेवटची थोडी आवळणी पुरते.

खटक्याच्या पाठीला आतून एक अर्धगोल कापलेला भाग असतो. तो चावीच्या दांडीवरच आला पाहिजे. तो चुकीच्या जागी ठेवून दाबलं तर दांडी तरी वाकते किंवा पाठ तरी. अंगठ्यांनी बसत नसेल तर प्रेस घ्यावी, पण खालचा साचा काचेला टेकता कामा नये, तिच्या बाहेरच्या धातूच्या कडीवर टेकला पाहिजे. फुगीर प्लॅस्टिकच्या काचा प्रेसमध्ये तडकतात त्या चुकीच्या साच्यामुळेच. पाठ बसत नसेल तर जोर वाढवू नका. उचला, वायसर मधे अडकलाय का पाहा, खाच जुळली आहे का पाहा.

आणि पाठ कितीही नीट बसली तरी ती एकदा उघडलेली आहे हे विसरू नका. पाठीवर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं आहे ते कारखान्यातून निघालेल्या घड्याळाबद्दल. दुकानात यंत्रावर दाबाची तपासणी करून घेईपर्यंत ते घड्याळ घालून पोहू नका, भांडी घासू नका आणि पावसाळ्यात बाहेर पडताना ते घरीच ठेवा.