वायरवाला माणूस

मी वायरवाला माणूस. आमच्या सोसायटीत लँडलाइन सगळ्यांत शेवटी काढली ती आम्ही. ऑफिसातला माझा माउस अजून वायरचाच आहे, सेल संपायची कटकट नको म्हणून. नाशकात पंचवीस वर्षं इंटिरिअरची कामं करताना वायरमन आणि प्लंबर यांच्याकडून एक गोष्ट पक्की शिकलो: जे हाताला लागतं त्याचाच बिघाड सापडतो. त्यामुळे व्हीआर हेडसेट लॅपटॉपला वायरशिवाय जोडायला मी वर्षभर नकार देत राहिलो. तो नुसता हट्ट होता, हे आज कबूल करतो.

आधी माझी बाजू. २०१६ साली ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह बाजारात आले. त्यानंतर वर्षभरात एका मित्राच्या ऑफिसात तसला डबा मी पहिल्यांदा डोळ्यांवर चढवला. त्याची जाड वायर थेट कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डात गेलेली. चित्र एचडीएमआयमधून जसंच्या तसं यायचं, मध्ये कुणी दलाल नाही. मित्राने तोच हेडसेट लॅपटॉपला लावला तर चित्रच येईना. कारण मागाहून कळलं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरच्या पोटातलं साधं आणि दुसरं वेगळं, ताकदीचं. त्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट साध्याला जोडलेला होता. मी धडा घेतला: वायर योग्य ठिकाणी पोचली की काम फत्ते. त्या काळापुरता तो खरा होता.

२०२२ मध्ये भाच्याने अमेरिकेहून येताना क्वेस्ट २ हा हेडसेट आणला. मी तो ऑफिसात नेला. स्केचअपमध्ये काढलेलं स्वयंपाकघर एन्स्केपमधून हेडसेटमध्ये दाखवायचं, म्हणजे गिऱ्हाइकाला ओटा बांधण्याआधी ओट्यापाशी उभं करता येईल, असा बेत होता. पहिल्या दिवशी मोबाइलची चार्जिंगची केबल लावली. चित्र आलं, पण पावसात काच पुसल्यासारखं. मग पाच मीटरची, यूएसबी ३ची केबल आणली. चित्र सुधारलं. मी खूश.

फक्त केबल सांभाळायला एक माणूस लागायचा. गिऱ्हाईक वळलं की ज्युनिअरने केबल उचलून त्याच्या डोक्यावरून फिरवायची, लग्नात आंतरपाट धरतात तशी. एकदा साठीच्या एक काकू हेडसेट लावून उभ्या होत्या. फ्रिजकडे वळल्या, सिंककडे वळल्या, पुन्हा फ्रिजकडे, आणि दर वेळी एकाच अंगाने. तिसऱ्या फेरीला केबल गुडघ्यांभोवती आवळली. काकू घाबरून म्हणाल्या, "अहो, कुणीतरी माझा पदर ओढतंय!" पुढच्याच क्षणी लॅपटॉप टेबलावरून घसरला. ज्युनिअरने तो झेलला, म्हणून वाचला; पोर्ट मात्र त्या दिवसापासून ढिला.

तेव्हाच ज्युनिअर म्हणाली, "सर, वाय-फायवर जोडून बघू या का? एअर लिंक आहे त्याच्यात." ही सोय २०२१ पासूनच होती. मी सगळ्यांसमोर तिला झापलं: "वाय-फायवर सिरियल बघतात, काम करत नाहीत." वर तिला ऐकवलं की वायरमध्ये चित्र शुद्ध येतं, हवेतून दाबून-चेपून येतं. ती गप्प बसली. हेडसेट कपाटात गेला आणि वर्षभर तिथेच राहिला.

माझं मत बदललं ते एका ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर. एका संध्याकाळी तिने माझ्यासमोर हिशोब मांडला. क्वेस्ट २मध्ये एकेका डोळ्यासाठी १८३२ गुणिले १९२० ठिपके. दोन डोळ्यांचे मिळून सत्तर लाख. सेकंदाला निदान ७२ चित्रं, म्हणजे पन्नास कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. उत्तर आलं, सेकंदाला बारा अब्ज बिट. आणि माझ्या लाडक्या केबलची कमाल क्षमता? पाच अब्ज. चार्जिंगच्या केबलची तर अर्धा अब्जसुद्धा नाही.

"मग या केबलमधून पूर्ण चित्र जातंच कसं, सर?"

जातच नव्हतं. लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड प्रत्येक चित्र दाबून, व्हिडिओ करून केबलमध्ये सोडतं आणि हेडसेट ते उलगडतो. हवेतूनही नेमकं हेच होतं. ज्या दलालाच्या नावाने मी खडे फोडत होतो, तो माझ्या वायरीतही बसलेला होता. जुन्या रिफ्टबद्दल बरोबर असलेलं मत मी नव्या यंत्रावर न तपासता चिकटवलं होतं.

तरी मी पटकन मानलं नाही. करून बघू म्हटलं. पहिला प्रयोग साफ फसला: चित्र अडखळलं, मला मळमळलं. "बघ, म्हटलं नव्हतं!" असं मी जवळजवळ आनंदाने म्हणालो. तिने शांतपणे विचारलं, "राउटर कुठेय?" राउटर बाहेर रिसेप्शनमध्ये, मध्ये नऊ इंची विटांची भिंत. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगाने माल नेते, पण भिंतीपुढे लवकर दमते. भिंती आखण्यात माझं आयुष्य गेलं आणि ही भिंत मला दिसली नव्हती. शिवाय लॅपटॉपही वाय-फायवर, हेडसेटही वाय-फायवर. एकच माल एकाच अरुंद गल्लीतून दोनदा जात होता.

तिने दुसरा राउटर आमच्या खोलीत आणला, लॅपटॉप आणि राउटर यांच्यात लॅन केबल लावली, लॅपटॉपचा चार्जर लावला, कारण बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड हात आखडता घेतं. चित्र स्थिर झालं. म्हणजे वायर गेली नव्हतीच, तिने फक्त वायरची जागा बदलली होती. लॅपटॉप आणि राउटर जागचे हलत नाहीत, त्यांच्यात वायर. माणूस हलतो, त्याला मोकळं सोडलं. ही गोष्ट खरं तर कुठलाही वायरमन सांगेल.

काही उणिवा आहेतच. हेडसेटची बॅटरी दोन-तीन तासांत संपते. केबलपेक्षा उशीर किंचित जास्त होतो. मान वळली की हेडसेट हातातलं चित्र तेवढं सरकवून घेतो, त्यामुळे स्वयंपाकघर बघताना तो उशीर जाणवत नाही. वेगवान खेळ खेळणाऱ्याला जाणवेल.

पण त्या काकूंना पुन्हा बोलावलं तेव्हा फरक कळला. वायर होती तेव्हा त्या देवळात रांगेत उभ्या असाव्यात तशा अवघडून उभ्या होत्या. आता स्वतःच्या घरात चालतात तशा चालल्या. ओट्यापाशी थांबल्या, सवयीने डबा काढायला हात वर केला, आणि हात माझ्या वरच्या कपाटाच्या हँडलपर्यंत पोचलाच नाही. "हे तुमच्या उंचीचं झालं," त्या म्हणाल्या, "माझ्या नाही." ते कपाट मी चार इंच खाली घेतलं. वायरीने बांधलेल्या माणसाने तो हात कधी वर केलाच नसता. अशी किती कपाटं मी आजवर माझ्या उंचीची केली असतील, ती मोजायची माझी हिंमत नाही.

ज्युनिअरची माफी मी सगळ्यांसमोर मागितली, कारण झापलं होतं तेही सगळ्यांसमोरच. पाच मीटरची ती महागडी केबल अजून कपाटात आहे. लॅन केबल दीड मीटरची, कोपऱ्यावरच्या दुकानातून दीडशे रुपयांना आणलेली.